छातीचा फोटो

नाव नका घालू माझं, नुसतं सिस्टर म्हणा, तसंबी मला सगळे सिस्टरच म्हणतात, वॉर्डात म्हणतात, गल्लीत म्हणतात, आन आमचे हे, प्रज्ञाचे पप्पा, ते तर घरात बी म्हणतात, सिस्टर चहा टाका, सिस्टर माझा रुमाल कुठंय, मी म्हणते आवो लोकं ऐकतील, बायकोला सिस्टर म्हणतं का कुणी, पण ऐकतील तर शपथ. तर आता सुरुवातीपासून सांगते, नायतर मला मधूनच सुरू करायची सवय हाय आन ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं.

माझं माहेर कन्नडच्या पुढं, एक बारीक खेडं हाय, नाव राहू द्या. बौद्धवस्ती आमची ओढ्याच्या पलीकडं, म्हणजे बघा वारं गावावरून आमच्याकडं यायचं, आमच्यावरून गावाकडं जायचं नाय, अशी जागा जुन्या लोकांनी बरोबर हुडकून ठेवलेली. मी घरात एकटीच, पाठीवर कुणी नाय, कारण बा माझा मी चालायला लागले न लागले तोवर गेला. कशानं गेला विचारलं की माय म्हणायची दम व्हता त्याला, दम्यानं गेला, आन पदर खोचून कामाला लागायची. साखर कारखाना चालू असला की कारखान्यावर, बंद असला की लोकांच्या रानात खुरपायला, पण मला एक दिवस रानात नेलं नाय तिनं, म्हणायची तुझ्या हातात खुरपं दिसलं तर हात मोडीन. संध्याकाळी विहारात लाईट असायची, तिथं आम्ही पोरं बसायचो, वंदना झाली की पुस्तकं काढायची, असं करत दहावी झाले, बारावी झाले, मंग नर्सिंगला नंबर लागला आन मी औरंगाबादला आले. आता संभाजीनगर म्हणायचं, पण तोंडाला जुनंच नाव येतं, त्याला काय करणार.

त्या दिवशी एसटीत बसले तवाच मनाशी ठरवलं व्हतं की आता खेड्यात राहायला म्हणून जायचं नाय. मायला बघायला जाईन, चार घास खाऊन येईन, पण राहायला नाय. तुम्ही म्हणाल एवढं काय झालं व्हतं, तर तशी मोठी गोष्ट काय झाली नव्हती, रोजच्या बारक्या बारक्या व्हत्या, नळ आला तरी आमच्या हंड्यांची रांग वेगळी, दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवायचा नाय, फळीवर ठेवायचा. त्याचं भ्या बसतं अंगात, कुणी मारलं नाय तरी बसतं. आता शहरात बी सगळं गोड असतं असं नाय, खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचा आन मंग म्हणायचा अरे रे, आत्ताच दिली हो. पण शहरात निदान दुसऱ्या गल्लीत जाऊन विचारता येतं.

लग्न माझं नोकरी लागल्यावर झालं. हे शहागंजात एका दुकानात फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतात, हाताला लई चांगले, स्वभावाला त्याहून चांगले, आन बोलायला एक नंबर टवाळ. एकच खोड व्हती. त्यांचा स्टीलचा गिलास वेगळा, त्यातून कुणाला पिऊ देणार नायत आन आपण बी दुसऱ्याच्या गिलासाला तोंड लावणार नायत. पोरगी बारीक असताना बापाच्या ताटात हात घालायला जायची तर ताट उचलून वर धरायचे. मला राग यायचा, मी म्हणायचे आपलीच माणसं अशी सोवळी झाली तर गावातल्यांना कोणत्या तोंडानं बोलायचं. ते हसण्यावारी न्यायचे, म्हणायचे सिस्टर, मी मोठ्या खानदानातला हाय, तुम्हाला नाय कळायचं.

तर हे बाहेर देशी जायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं शाहीननं. शाहीन माझ्याबरोबर आयसीयूत व्हती, आमची ड्यूटी एक, डबा एक. ती माझ्या आधी ऑस्ट्रेलियाला गेली, तिथल्या एका बारक्या गावातल्या दवाखान्यात हाय. फोन केला की म्हणायची, अगे आ जा ना, कब तक उधर डबल ड्यूटी मारती, बेटी का सोच जरा. प्रज्ञा आमची सातवीत, हुशार हाय. मी नोकरी करता करता पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगचं पुढचं शिक्षण, केलेलं व्हतंच, इंग्रजीची परीक्षा पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदा निघाली, मंग आम्ही दोघं औरंगपुऱ्यात एका एजंटाकडं गेलो. खाली कपड्याचं दुकान, वर त्याचं ऑफिस, भिंतीवर समुद्राचे फोटो, एसी असा फुल की हे आधी एसीकडंच बघत बसले, म्हणले याचा गॅस जास्ती भरलाय.

एजंट चांगला माणूस व्हता, खोटं बोलला नाय. तो म्हणला मॅडम, मोठ्या शहराचं अवघड झालंय, तुम्ही रीजनल घ्या. रीजनल म्हणजे काय, तर तिकडं बारक्या गावांना नर्सा मिळत नायत, मिस्त्री मिळत नायत, म्हणून सरकार म्हणतं तुम्ही त्या भागात राहा, तिथंच काम करा, तीन वर्षं तिथून मोठ्या शहरात जायचं नाय, मंग कायमचं राहायचं बघू. त्याचे व्हिसाला मार्क बी जास्ती मिळतात. मी म्हणलं सर, गाव म्हणजे केवढं. तो म्हणला कुठं कुठं तुमच्या कन्नडपेक्षा बी छोटं असंल.

काय सांगू तुम्हाला, एवढं शिकले, एवढ्या रात्रपाळ्या केल्या, कशासाठी, तर खेड्यात राहायला लागू नये म्हणून, आन आता हा माणूस म्हणायलाय खेडं घ्या, खेड्याचे मार्क जास्ती हायेत. आन माझ्या तोंडातून निघून गेलं, सर, तिथं आपली वस्ती कुठं असती. तो म्हणला वस्ती म्हणजे. मी म्हणलं म्हणजे गावाच्या कोणत्या अंगाला राहायला देतात आपल्या लोकांना. तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला, मंग म्हणला मॅडम, तिथं इंडियन लोक कुठंबी राहतात, तसं काही नसतं. त्याला कळलंच नाय मी काय विचारायलेय. यांना कळलं. यांनी टेबलाखालून माझा हात धरला. जिना उतरताना म्हणले, सिस्टर, तो ओढा काय आपल्याबरोबर विमानात बसून येतोय का. मी हसले, पण हसून काय भ्या जात नाय.

शाहीनला विचारलं तर तिला बरोबर कळलं, कारण तिनं बी इथं खोली शोधताना तेच भोगलेलं. ती म्हणली, पगली, इधर एक घर से दूसरा घर दिखताच नई, कौन किसकू हटाएगा. डर है तो दूसरा है, शाम कू दुकानां बंद हुए के बाद रस्ते पे आदमीच नई दिखता, मैं तो टीव्ही से बातां करती. तिला वाटलं मला धीर दिला. मी फोन ठेवला आन प्रज्ञाकडं बघत बसले, म्हणलं हे लेकरू तिथं कुणाशी बोलंल.

तरी कागदं पुढं गेली. भीत भीतच माणूस सगळं करत असतो, थांबत थोडंच असतो. मंग एक दिवस एजंट म्हणला आता मेडिकल, पुण्याला त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यात जायचं, रक्त-लघवी आन छातीचा फोटो, टीबी हाय का बघतात. मोठ्यांचा काढतात, प्रज्ञाएवढ्या लेकरांचा बी काढतात. आन लक्षात ठेवा, घरातल्या एकाचं जरी अडलं तर सगळ्यांचं अडलं.

त्या दिवसापासून यांची टवाळी बंद. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. मंग हळूच सुरू झालं, काय जायची गरज हाय, इथं काय उपाशी मरायलोत का, पोरीला परक्या मुलखात न्यायचं, तुझी माय म्हातारी झाली, रोज नवीन कारण. मी भांडले. म्हणलं परीक्षा मी दिली, रात्री जागले मी, आन आता तुम्ही मागं सरकायलात काऊन.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवर धुणं वाळत घालायले व्हते. चादर टाकली दोरीवर, आन चादरीच्या पलीकडून यांचा आवाज आला, मला झाला व्हता. मी म्हणलं काय झाला व्हता. म्हणले तेच. लहानपणी. छाती धरली व्हती माझी.

आमच्याकडं बघा, त्या रोगाचं नाव घेत नायत. दम म्हणायचं, छाती धरली म्हणायचं, लई झालं तर मोठा आजार म्हणायचं, पण नाव घ्यायचं नाय, कारण नाव निघालं की त्या घरात कुणी पोरगी देत नाय आन त्या घरची करत नाय. यांना मावशीकडं नेऊन ठेवलं व्हतं, गावात सांगितलं शिकायला ठेवलाय. मावशीनं औषधं पुरी केली, त्यात कसूर नाय केली, पण ताट, वाटी, गिलास वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात, ज्याचं त्यानं धुवायचं. चादरीच्या आडूनच सगळं सांगितलं यांनी. म्हणले, गावानं तर आपल्या सगळ्यांचंच ताट वेगळं ठेवलेलं, पण माझं आपल्या माणसांनी बी ठेवलं. मला वाटायचं माझ्या अंगात इंगळी हाय, कुणी जवळ आलं की डसंल. बरा झालो, लोकं विसरले, पण माझा हात दुसऱ्याच्या गिलासाला जातच नाय.

आता मी नर्स हाय हो. औषध पुरं केलं की टीबी बरा होतो हे मी हजार लोकांना सांगितलेलं, घाबरू नका बाबा, नुसतं औषध सोडू नका. तरी त्या चादरीच्या अलीकडं मी उभी, आन पहिला विचार यांचा आला नाय, फोटोचा आला. म्हणलं याचा डाग राहिला असंल. तो दिसणार. खोटं कशाला सांगू, पहिलं तेच आलं मनात, आन मंग त्या कोनाड्यातल्या गिलासाचं रडू आलं.

आमचं ठरलं की लपवायचं नाय, विचारलं की खरं सांगायचं. पण पुण्याला जाईपर्यंत माझ्या जिवाला घोर लागला. मी यांच्याकडं पेशंटकडं बघतात तशी बघायले, खोकले की कान टवकारायचे, कपाळाला हात लावायचे, वजन कमी झालं का म्हणून पँट ढिली झालीय का बघायचे. यांनी अडुळशाचा काढा सुरू केला, कुणी सांगितलं तर दुकानाशेजारच्या हकीमचाचानं, म्हणले फोटो साफ येतो. मी म्हणलं आवो ती काय काच हाय का पुसायला. तरी पिऊ दिला, काढ्यानं काय बिघडत नाय. आन पुण्याला जायच्या दिवशी नवीन शर्ट घातला, दाढी गुळगुळीत, प्रज्ञा म्हणली पप्पा, तिथं शर्ट काढायला लावतात. त्या दिवशी लई दिवसांनी हसलो आम्ही तिघं.

दवाखाना झकपक. आधी प्रज्ञाला नेलं, मंग मला, मंग यांना. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मी स्वतः कितीतरी पेशंटला असं उभं केलेलं, पण ती गार प्लेट छातीला लागली आन माझ्या अंगावर काटा आला. मंग बाहेर बसलो. आमच्यामागून आलेली माणसं गेली, एक पंजाबी कुटुंब हसत खेळत गेलं, आन आम्हाला सांगितलं तुम्ही थांबा जरा. तवा यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं, जसं काय यांनीच आमच्या ताटातलं काढून घेतलंय. म्हणले, मी तुला म्हणलं नव्हतं का.

मंग आतून हाक आली, ती माझ्या नावाची. मला वाटलं मी नर्स हाय म्हणून मला समजावून सांगायला बोलावलंय. आत गेले, डॉक्टरीणबाई व्हत्या, पडद्यावर फोटो लावलेला. मी बघितला. वरच्या टोकाला, उजव्या अंगाला, डाग. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, मॅडम, हा जुना हाय, लहानपणचा, औषधं पूर्ण केलेली, फॉर्मवर लिहून दिलंय आम्ही, त्यांना आता काहीच त्रास नाय, वजन चांगलंय, मी स्वतः लक्ष ठेवते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणल्या, बसा सिस्टर. तुमच्या मिस्टरांचा फोटो चांगला हाय. हा तुमचा हाय.

काय सांगू तुम्हाला. मला त्या खोलीचा पंखा ऐकू येईना. मी म्हणलं मॅडम मला खोकला बी नाय. त्या म्हणल्या नसंल, जुना बरा झालेला असू शकतो, पण थुंकी तपासल्याशिवाय आम्हाला पुढं पाठवता येत नाय. यांचा आधीचा आजार लिहिलेला म्हणून यांची बी घ्यायची. लागोपाठ तीन दिवस सकाळी उपाशीपोटी यायचं. आन ती नुसती बघत नायत, पेरून ठेवतात, त्यातून जंतू उगवतो का बघतात, त्याला दीड-दोन महिने लागतात. यांच्याशिवाय घरात कुणाला झाला व्हता का, माहेरी कुणाला, त्यांनी विचारलं. मी म्हणलं नाय.

बाहेर आले तर हे उठून उभे राहिले, हात जोडल्यासारखे. मी म्हणलं तुमचा नाय, माझा हाय. त्यांना कळायलाच वेळ लागला. मंग माणूस असा रडला हो तिथं, त्या झकपक फरशीवर बसून, आन पोरगी म्हणायली पप्पा लोकं बघायलेत.

ते दीड-दोन महिने मी सांगू शकत नाय कसे गेले. व्हिसाचं भ्या एकीकडं राहिलं. मला वाटायचं मी आयसीयूत काम करते, माझ्यामुळं कुणाला झाला असंल तर. रजा टाकली, कारण सांगितलं पाठ धरलीय. बघा, मी बी तेच केलं, आजाराचं नाव घेतलं नाय. प्रज्ञाचा फोटो चांगला आलेला, तरी ती झोपली की मी तिच्या छातीला कान लावायचे. रात्रंदिवस तोंडाला मास्क. औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमधी जाऊन गुपचूप दुसरा फोटो काढला, म्हणलं पुण्याच्या मशीनची चूक असंल, तर तीच जागा, तोच डाग. फोन वाजला की हातातलं टाकून पळायचे. एजंटाचा आला तरी, आन गॅसवाल्याचा आला तरी.

आन मी काय केलं ठावंय का. माझं ताट वेगळं काढलं. मला माहिती हाय हो, ताटानं टीबी पसरत नाय, तो हवेतून जातो, मी स्वतः वॉर्डात बायांना रागावते, म्हाताऱ्याचं ताट काऊन वेगळं ठेवलंस म्हणून. तरी माझा हात गेला. ओट्याच्या कोपऱ्यात माझं ताट, माझा गिलास. हे दुकानातून आले, बघितलं, आन जिंदगीत कधी आवाज न चढवणारा माणूस असा वरडला की शेजारीण बाहेर आली. म्हणले या घरात कोनाडा नाय पाहिजे मला, मी खाल्लंय त्या कोनाड्यात, माझ्या घरात कुणी खाणार नाय. सगळी भांडी एका घमेल्यात घातली, माझी, त्यांची, पोरीची, आन घासायला बसले. मी मास्क लावून दारात उभी. मला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

पण डॉक्टरीणबाईचा प्रश्न काय डोक्यातून जाईना, माहेरी कुणाला झाला व्हता का. एसटी धरली आन गावी गेले. माय अंगणात ज्वारी पाखडायली व्हती. मी लांब बसले, म्हणलं माय, बा कशानं गेला. ती म्हणली दम्यानं. मी म्हणलं माय, मी पुण्याला गेल्ते, माझ्या छातीत डाग निघालाय, आता तरी खरं सांग. तिनं सूप खाली ठेवलं. मंग म्हणली, तो तुला सोडतच नव्हता गं.

म्हणली, दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं व्हतं लेकराला दूर ठेवा. मी तुला शेजारी नेऊन ठेवायचे, तू रडायचीस, आन तो काठी टेकत जायचा आन तुला घेऊन यायचा. छातीवर घेऊन पडायचा. मी वरडायचे, खाली ठेव रं तिला, मारशील लेकराला. तो म्हणायचा एवढं तरी असू दे, माझ्याजवळ दुसरं कोण येतंय. वस्तीतलं बी कुणी येत नव्हतं. तू त्याच्या छातीवर झोपायचीस आन तो खोकला दाबायचा, तू उठू नये म्हणून. डोळ्यांतून पाणी यायचं दाबून दाबून. मी सांगितलं नाय कुणाला, सांगितलं असतं तर तुला कुणी केली असती का.

मला राग यावा का रडू यावं तेच कळंना. बाचं मला काहीच आठवत नाय, ना आवाज, ना तोंड. मी म्हणायचे मला बापच नव्हता. आन तो एवढी वर्षं माझ्यात व्हता. मी तिथंच बसून राहिले, माय बी बसली, आन परतीचा जीपवाला हॉर्न वाजवून निघून गेला.

तर मंग रिपोर्ट आले. दोघांचेबी साफ. काही उगवलं नाय. डाग जुना, आपला आपण बरा झालेला, शरीरानंच दाबून टाकलेला. एजंटानं फोन केला तवा मी भाजी घ्यायले व्हते, मेथीची जुडी हातात तशीच, आन मी रस्त्यात खालीच बसले, भाजीवाली म्हणली काय झालं बाई, मी म्हणलं काय नाय, साफ हाय, साफ हाय. ती म्हणली व्हय, आजच तोडलेली हाय.

व्हिसा आला, तिघांचा. पण त्यात एक अट हाय, तिथं गेलं की त्यांच्या दवाखान्यात कळवायचं आन सांगतील तवा छाती दाखवायला जायचं. मी सही केली. आता तुम्ही म्हणाल सगळं झालं, मंग भ्या कशाचं. तर भ्या हाय. खोटं नाय सांगत, रोज हाय. उद्या तो डाग जागा झाला तर, तिथल्या दवाखान्यानं काम नाय दिलं तर, ती तीन वर्षं त्या गावात पुरी नाय झाली तर, हे तिथं फ्रिज दुरुस्त करायला कुणाला इंग्रजीत काय विचारतील, पोरगी वर्गात एकटी बसली तर. शाहीन म्हणती, डर के कौन बैठा, मैं बी डरती आई. माझं असं झालंय की भ्या बॅगेत भरून घेतलंय, त्याला मागं ठेवून जाता येत नाय. मायला नेता येत नाय, तिच्यासाठी वेगळा व्हिसा लागतो, आन तो मिळाला तरी ती आता ओढा ओलांडून पलीकडं जात नाय तर समुद्र कुठला ओलांडती.

मागच्या आठवड्यात तिला भेटायला गेले, आता निघायच्या आधी परत जाणं काय व्हणार नाय. ती म्हणली, तो डाग कसा असतो गं, मला दाखव. मी औरंगपुऱ्यात काढलेला फोटो नेला व्हता, मनात व्हतंच. तिनं तो अंगणात उन्हासमोर धरला. उलटा धरला, मी सुलटा करून दिला. म्हणली कुठं. मी बोट ठेवलं. तिनं बघितलं, डोळे बारीक करून, मंग आपला हात त्या जागेवर ठेवला, सगळा पंजा, आन तसाच राहू दिला. आमच्याकडं बाचा एक फोटो नाय, काढलाच नव्हता कधी, कोण काढणार.

मी म्हणलं माय, आण, फाटंल. ती म्हणली, हा राहू दे माझ्यापाशी. मी म्हणलं अगं त्याचं काय करतीस, त्यात माझं तोंड बी दिसत नाय, मोबाईलवरचा चांगला फोटो काढून देते तुला. ती म्हणली, तुझं तोंड मला पाठ हाय. तू चाललीस, तो तर कव्हाच गेला, आन ह्याच्यात तुम्ही दोघं बी हायेत. असं म्हणून तिनं तो आपल्या लुगड्यात गुंडाळला आन ट्रंकेत खाली घातला. मंग मला म्हणली, जा, नीट राहा, आन छाती दाखवायला बोलावलं की जात जा, लपवू नको कुणापासून. मी व्हय म्हणलं आन जीपमधी बसले.